सबवूफरच्या ड्रायव्हरला साजेसे कॅबिनेट कसे ठरवावे आणि ते ट्यून कसे करावे

लग्नसराई, शिवजयंती, १४ एप्रिल किंवा गणेशोत्सव जवळ आला की मराठवाड्यातील साऊंडवाल्यांची खरेदी सुरू होते, आणि त्या खरेदीत बहुधा ड्रायव्हर, म्हणजे बॉक्सशिवायचा सुटा स्पीकर, एका दुकानातून येतो व रिकामे कॅबिनेट दुसऱ्या ठिकाणाहून. दोन्हींवर '१८ इंची' एवढेच लिहिलेले असते आणि स्क्रूची भोके जुळली म्हणजे जोडी जुळली असे धरले जाते. इंच हे केवळ भोकाचे माप आहे. एखाद्या ड्रायव्हरला किती लिटर हवा लागेल आणि ती किती हर्ट्झवर घुमली पाहिजे, हे त्याच्या चुंबकाची ताकद, स्पायडर (कोनला मागून धरणारी नागमोडी चकती) व सराउंडचा (कोनच्या कडेची लवचिक पट्टी) ताठपणा आणि हलणारा कोन व त्याला जोडलेली तारेची कॉइल यांचे वजन ठरवते. म्हणून शेजारच्या गावातील बॉक्स चांगला वाजतो एवढ्यावरून त्याची नक्कल करणे हा जुगार आहे. त्यात दुसऱ्या बनावटीचा ड्रायव्हर बसवला, तर तोच बॉक्स एकाच सुरात भुणभुणू शकतो.

पहिली पायरी: ड्रायव्हरचे आकडे मिळवणे

ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे १९७० च्या दशकाच्या आरंभी रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकर व बॉक्स यांचे गणित मांडले. त्यावरून या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. कंपनीच्या माहितीपत्रकात त्यांतील पाच आधी शोधावेत. एफएस म्हणजे मोकळ्या हवेत कोन ज्या वारंवारतेवर सहज थरथरतो ती. क्यूईएस हा चुंबक-कॉइलच्या विजेच्या ब्रेकचा आकडा असून क्यूटीएस हा विजेचा आणि यांत्रिक असा एकत्रित ब्रेक दाखवतो. दोन्ही जितके कमी, तितकी पकड घट्ट. व्हीएएस म्हणजे ड्रायव्हरच्या स्पायडर-सराउंडइतकीच लवचिक असणारी हवा, लिटरमध्ये. एक्समॅक्स म्हणजे कोन एका बाजूला किती मिलिमीटरपर्यंत नीट हलू शकतो ते. डब्यावर ठळक छापलेले वॅट बॉक्स ठरवताना उपयोगाचे नाहीत.

माहितीपत्रक नसेल किंवा ड्रायव्हर रिकोन केलेला, म्हणजे कोन-कॉइल नवी बसवलेला, असेल, तर आकडे घरीच मोजावेत. ड्रायव्हर मोकळ्या हवेत उभा धरून त्याच्या जोडीला १००० ओहमचा रेझिस्टर एकसरीत जोडावा, मोबाईलवरील टोनचे ॲप लहान ॲम्प्लिफायरमार्फत त्यातून वाजवावे आणि ड्रायव्हरच्या दोन टोकांवरील एसी व्होल्टेज मल्टिमीटरने पाहावे. टोन हळूहळू बदलताना व्होल्टेज जेथे सर्वाधिक होते ती वारंवारता एफएस होय. ड्रायव्हरच्या जागी १० ओहमचा रेझिस्टर लावून त्यावरचे व्होल्टेज नोंदवले की त्या प्रमाणात सर्व वाचने ओहममध्ये बदलता येतात. शिखरावरच्या ओहमला कॉइलच्या डीसी ओहमने भागावे आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे. या वर्गमुळाला डीसी ओहमने गुणले की जी पातळी येते, ती शिखराच्या अलीकडे व पलीकडे कोणत्या दोन वारंवारतांवर मिळते ते शोधावे. एफएसला वर्गमुळाने गुणून त्या दोन वारंवारतांच्या फरकाने भागले की क्यूएमएस, म्हणजे यांत्रिक ब्रेकचा आकडा, मिळतो. त्याला पहिल्या भागाकारातून एक वजा करून येणाऱ्या संख्येने भागले की क्यूईएस. दोहोंचा गुणाकार भागिले दोहोंची बेरीज म्हणजे क्यूटीएस. व्हीएएससाठी माहितीच्या लिटरचा एखादा हवाबंद बॉक्स लागतो: त्यात बसवल्यावर शिखर जेथे सरकते त्या वारंवारतेला एफएसने भागून वर्ग करावा, एक वजा करावा आणि बॉक्सच्या लिटरने गुणावे. ही किंमत ढोबळ येते, पण कामापुरती पुरते.

दुसरी पायरी: सीलबंद की पोर्टचा

सीलबंद बॉक्स पूर्ण हवाबंद असतो; पोर्टच्या बॉक्सला हवा आत-बाहेर होण्यासाठी नळी असते, आणि त्या नळीसह बॉक्समधील हवा ज्या वारंवारतेवर घुमते ते त्याचे ट्यूनिंग. दोहोंतून निवडण्यासाठी एफएसला क्यूईएसने भागावे. उत्तर ५० च्या आसपास किंवा कमी असेल तर ड्रायव्हर सीलबंद बॉक्सचा. १०० च्या जवळ किंवा वर असेल तर पोर्टच्या बॉक्सचा. मधला असेल तर दोन्हीकडे चालू शकतो. हा नियम ढोबळ आहे, पण गाडीसाठीचा जास्त क्यूटीएस असलेला वूफर पोर्टच्या बॉक्समध्ये कोंबण्याची चूक तो टाळतो. अशा जोडीत एकाच पट्टीत मोठा फुगवटा येतो, आणि ढोलकी असो वा हलगी, सगळे एकाच आवाजात बुडते.

सीलबंद बॉक्सचे गणित सोपे आहे. समजा, घरातील हॉलसाठीच्या १२ इंची ड्रायव्हरचा एफएस २८, क्यूईएस ०.५, क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस ९० लिटर आहे. भागाकार ५६ येतो. बॉक्समध्ये बसवल्यावरचा एकूण क्यू (क्यूटीएससारखाच ब्रेकचा आकडा) ०.७०७ ठेवला की आवाज फुगवट्याशिवाय सपाट उतरतो. ०.७०७ भागिले ०.४५ म्हणजे १.५७, त्याचा वर्ग २.४७, त्यातून एक वजा केल्यावर १.४७, आणि ९० भागिले १.४७ म्हणजे सुमारे ६१ लिटर. बॉक्समधील अनुनाद २८ गुणिले १.५७, म्हणजे ४४ हर्ट्झ. त्याखाली आवाज दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो. पोर्टच्या बॉक्समध्ये हा उतार २४ डेसिबलचा असतो. उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस आत सैलसर भरल्यास बॉक्स थोडा मोठा असल्यासारखा वागतो.

तिसरी पायरी: पोर्टच्या बॉक्सचे लिटर, ट्यूनिंग आणि नळी

आता मिरवणुकीच्या कामाचा १८ इंची ड्रायव्हर घेऊ: एफएस ३५, क्यूईएस ०.३६, क्यूटीएस ०.३४५, व्हीएएस २२० लिटर. भागाकार ९७, म्हणजे पोर्टचाच. येथे दोन प्रचलित सूत्रे मोबाईलच्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर सोडवता येतात. बॉक्सचे लिटर म्हणजे १५ गुणिले क्यूटीएसचा २.८७ वा घात गुणिले व्हीएएस, जे सुमारे १५५ येते. ट्यूनिंग म्हणजे ०.४२ गुणिले एफएस भागिले क्यूटीएसचा ०.९ वा घात, जे सुमारे ३८ हर्ट्झ येते. विनआयएसडी या मोफत संगणक प्रोग्राममध्ये हेच आकडे भरले तर आलेखही दिसतो, आणि लिटर १०-१५ टक्के कमी-जास्त केल्याने फारसे बिघडत नाही हेही ध्यानात येते.

नळी मात्र बेताने कापावी. तिच्या तोंडाचे एकूण क्षेत्रफळ कोनच्या क्षेत्रफळाच्या चौथ्या ते तिसऱ्या भागाएवढे असावे. त्याहून अरुंद नळीतून हवा फुसफुसते आणि बेस दबतो. पाण्याच्या लाइनसाठी मिळणाऱ्या १६० मिलिमीटर बाहेरील व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा आतील व्यास सुमारे १५ सेंटिमीटर भरतो; असे दोन पाइप येथे पुरतात. लांबीसाठी २३,५६२ ला आतील व्यासाच्या वर्गाने आणि नळ्यांच्या संख्येने गुणावे, ट्यूनिंगचा वर्ग गुणिले लिटर या संख्येने भागावे आणि उत्तरातून व्यासाच्या ०.७३ पट वजा करावे. आपल्या उदाहरणात ४७.४ वजा ११, म्हणजे प्रत्येकी सुमारे ३६.५ सेंटिमीटर. नळीचे मागचे तोंड आणि पाठीमागची फळी यांत किमान एका व्यासाएवढे अंतर हवे.

१५५ लिटर ही निव्वळ हवा आहे. दोन नळ्या मिळून सुमारे १५ लिटर, ड्रायव्हर ९ च्या आसपास आणि आतील आडव्या पट्ट्या सहा-सात लिटर जागा खातात, म्हणून सुताराला सांगायचे माप १८५ च्या पुढचे असते. आतून ५० सेंटिमीटर रुंद, ६८ उंच आणि ५५ खोल धरले तर १८७ लिटर होतात, आणि ड्रायव्हरखाली दोन्ही पाइपांना जागा उरते. दोन ड्रायव्हरच्या बॉक्ससाठी लिटर दुप्पट, नळ्यांची संख्या दुप्पट, लांबी तीच. स्कूप किंवा हॉर्नच्या घडीच्या बॉक्सना हे गणित लागू पडत नाही; तेथे आराखडा ज्या ड्रायव्हरसाठी काढला आहे तोच घ्यावा.

चौथी पायरी: बांधणी

१८ मिलिमीटरचे मरीन प्लाय, शक्यतो आयएस ७१० शिक्क्याचे, वापरावे. एमडीएफ घरात ठीक, पण गणपतीच्या पावसात पिकअपवर ते फुगते. सांधे फेव्हिकॉल व स्क्रूंनी बंद करावेत, ड्रायव्हरखाली फोमची पट्टी द्यावी आणि लाकडाच्या स्क्रूऐवजी टी-नट (फळीत मागून ठोकायची आट्यांची लोखंडी चकती) व बोल्ट वापरावेत.

पाचवी पायरी: ट्यूनिंग खरे बसले का ते पाहणे

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी तीच आहे. बॉक्स बंद करून मध्यम आवाजात टोन ६० हर्ट्झपासून हळूहळू खाली आणावा आणि कोनकडे पाहावे. कोनची हालचाल जेथे सर्वांत कमी होते आणि नळीतून हवा जोरात येते, ते खरे ट्यूनिंग. रेझिस्टर-मल्टिमीटरची तीच जोडणी केली, तर ओहमची दोन शिखरे दिसतात आणि त्यांच्यामधला खोलगट बिंदू हेच उत्तर देतो. ३८ ऐवजी ३५ आले तर नळी थोडी थोडी कापावी; म्हणून पहिल्यांदा दोन-तीन सेंटिमीटर जास्तच ठेवावी. खोलगट बिंदू दिसतच नसेल किंवा पुसट असेल, तर आधी हवेची गळती शोधावी. उन्हाळ्यात ४३ अंशांना ध्वनीचा वेग वाढल्याने ट्यूनिंग जेमतेम एक हर्ट्झ वर सरकते. त्यासाठी काही करू नये.

सहावी पायरी: फिल्टर आणि लिमिटर

ट्यूनिंगच्या खाली कोनला मागून हवेचा आधार उरत नाही. तो एक्समॅक्स ओलांडून आपटतो. म्हणून डीएसपीमध्ये, म्हणजे ॲम्प्लिफायरआधीच्या डिजिटल प्रोसेसरमध्ये, ३५ हर्ट्झच्या आसपास २४ डेसिबल उताराचा हाय-पास (त्याखालचा आवाज अडवणारा फिल्टर) आणि ९० ते १०० हर्ट्झवर लो-पास (त्यावरचा आवाज अडवणारा) लावावा. लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीच्या वर सिग्नल जाऊ न देणारी सोय, व्होल्टेजवर ठरवावा: वॅट व ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, ८ ओहमच्या ८०० वॅट ड्रायव्हरला ८० व्होल्ट. लांब मिरवणुकीत यापेक्षाही खाली राहणे बरे, कारण तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल दीडशे अंशांनी तापली की रोध दीडपटीहून जास्त होतो, बेस आपोआप उतरतो, आणि तो परत आणण्यासाठी ऑपरेटर आवाज आणखी चढवतो. मेच्या उन्हात काळ्या रंगाचे बॉक्स याच मार्गाने जळतात. शिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ५० पेक्षाही कमी, म्हणजे ४५ डेसिबल आहे, हेही लिमिटर लावताना लक्षात ठेवावे.

हंगामानंतर ड्रायव्हर रिकोन केला, तर नव्या कोनचे वजन आणि स्पायडरचा ताठपणा जुन्यासारखा असेलच असे नाही. तो बॉक्समध्ये परत बसवण्याआधी मोकळ्या हवेत एफएस आणि क्यूटीएस पुन्हा मोजावेत. फरक दोन-तीन हर्ट्झपेक्षा जास्त असेल तर बॉक्स तसाच ठेवून नव्या लांबीच्या नळ्या बसवाव्यात आणि हाय-पासही त्यांच्यासोबत सरकवावा.