मोठ्या खंडानंतर 'एल्डन रिंग' पुन्हा सुरू करताय? या चुका टाळा

बारावीचा शेवटचा पेपर संपला त्या संध्याकाळी भाचा इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी आला आणि चपला काढता काढताच कंट्रोलर कुठे आहे म्हणून विचारू लागला. ऑक्टोबरात अभ्यासासाठी त्याने 'एल्डन रिंग' हा व्हिडिओ गेम स्वतःहून बंद केला होता. तेव्हा तो मलेनिया या बॉसच्या, म्हणजे मोठ्या शत्रूच्या, दाराशी होता, आणि पाच महिन्यांनी तिथूनच त्याने सुरुवात केली. पाऊण तासात इतक्यांदा मेला की शेवटी कंट्रोलर मांडीवर ठेवून म्हणाला, "मामा, माझं बिल्डच चुकलंय. सगळं पुसून नव्याने सुरू करतो."

मी त्याला थांबवलं. याच बिल्डने, म्हणजे गुण-शस्त्रांच्या याच जुळणीने, ऑक्टोबरात तो तिला दुसऱ्या टप्प्यापर्यंत नेत होता. बिल्ड जसंच्या तसं होतं, हात विसरले होते. सेव्ह फाइल तुमची लेव्हल, शस्त्रं, फ्लास्क (जीव भरून काढणारं पेय) सगळं सांभाळते, पण कोणत्या क्षणी बटण सोडायचं हे ती सांभाळत नाही. खंडानंतरच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

जिथे सोडलं तिथूनच सुरू करणं

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. आपण गेम सोडतो तो बहुधा अडलेल्या जागी, म्हणजे त्या वेळी आपल्याला सगळ्यात कठीण वाटलेल्या जागी. तिथपर्यंत पोचताना शंभर तासांची सवय अंगात मुरलेली असते आणि समोरचा बॉस त्या सवयीवरच बेतलेला असतो. मलेनियाचंच बघा. तिचा वार लागला की तिचं रक्त भरून येतं, ढालीवर झेलला तरी. म्हणजे तुमची प्रत्येक चूक तिला दोनदा फळते. हात बसवायला याहून वाईट जागा सापडणार नाही.

त्याऐवजी नकाशा उघडा आणि लिमग्रेव्ह या सुरुवातीच्या प्रदेशात जा. गेटफ्रंटच्या पडक्या तळावरचे साधे शिपाई सरावाला उत्तम. तुमची लेव्हल मोठी असल्यामुळे ते एका फटक्यात पडतील आणि तुम्ही काहीच शिकणार नाही, म्हणून वार करायचाच नाही. दहा मिनिटं फक्त चुकवा. तलवार कधी वर जाते, कधी खाली येते, एवढंच बघा. मग स्टॉर्मव्हेल किल्ल्यात जाऊन बॅनिश्ड नाइट या चिलखती योद्ध्यांसमोर हेच करा. ग्रेसवर, म्हणजे विश्रांतीच्या जागी, बसलं की ते पुन्हा उभे राहतात, त्यामुळे सराव हवा तितका करता येतो.

वेळ असेल तर मी आणखी एक मार्ग सुचवेन. गेममध्ये दहा पात्रं ठेवता येतात. जुन्याला हात न लावता एक नवं पात्र काढा आणि मार्गिट या सुरुवातीच्या बॉसपर्यंत खेळा. मार्गिट काठी उगारतो आणि मध्येच थांबतो. ज्याने घाईने रोल केला, म्हणजे वार चुकवायला लोळण घेतली, तो उठताना मार खातो. खंडानंतर आपल्या हातांत नेमकी हीच घाई शिरलेली असते आणि ती मार्गिटइतकी लवकर कुणी काढत नाही. भाच्याला दोन संध्याकाळी लागल्या.

मधल्या काळातल्या दुसऱ्या गेमची बोटं घेऊन येणं

हे कळायला वेळ लागतो, कारण चूक डोळ्यांना दिसत नाही. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर अनेक ॲक्शन गेममध्ये चौकोनावर वार असतो. इथे वार आर-वनवर आहे आणि चौकोन दाबला की हातातली वस्तू वापरली जाते. ऐन लढाईत पात्र एकदम फ्लास्क पिऊ लागलं, तर बोटं अजून त्या दुसऱ्या गेममध्येच आहेत.

रोलची गोष्ट याहून बारीक आहे. या गेममध्ये रोल आणि धावणं एकाच बटणावर आहे. बटण धरून ठेवलं की धावायचं, म्हणून रोल सुरू होतो तो बटण सोडल्यावर. घाबरून बटण घट्ट दाबून धरणाऱ्याचा रोल प्रत्येक वेळी थोडा उशिरा निघतो. त्याला वाटतं की आपली नजर मंदावली, आणि तो आणखी जोरात दाबतो. उपाय साधा आहे. ग्रेसशेजारी उभं राहून बटण फक्त टिचकी मारल्यासारखं दाबा, वीस-पंचवीस वेळा, शत्रूशिवाय. भाच्याचा अर्धा त्रास इथेच गेला.

टीव्ही आणि कंट्रोलर न तपासणं

आमच्याकडे दिवाळीच्या साफसफाईत टीव्ही हलला होता आणि वायर दुसऱ्या खाचेत लागली होती. त्या खाचेला गेम मोड (चित्रातला उशीर कमी करणारी सोय) चालू नव्हता. चित्र सुरेख दिसत होतं, पण बटण आणि हालचाल यांत जाणवेल इतकं अंतर पडत होतं. बॉसला दोष देण्याआधी हे बघा. कंट्रोलर महिनोन्‌महिने पडून असेल तर पूर्ण चार्ज करा आणि त्यावरच्या स्टिकला हात न लावता पात्र किंवा कॅमेरा आपोआप सरकतोय का तेही पाहा.

पिशवी न उघडता लढाईला जाणं

आधी रून्स, म्हणजे गेममधलं चलन, मोजा. सोडताना हातात मोठी रक्कम शिल्लक असेल, तर ती पहिल्याच संध्याकाळी जाते: एकदा मेलात की जमिनीवर पडते, उचलण्याआधी पुन्हा मेलात की संपली. लेव्हल वाढवून किंवा शस्त्राला धार लावून ती खर्च करा, मग बाहेर पडा.

मग वजन बघा. अंगावरचं ओझं क्षमतेच्या ७० टक्क्यांपुढे गेलं की रोल जड होतो आणि उठायला वेळ लागतो. ३० टक्क्यांच्या आत तो हलका आणि लांब जातो. भाच्याने सोडण्याआधी 'ग्रेट-जार्स आर्सनल' काढून दुसरा ताईत घातला होता आणि ते साफ विसरला होता. तो ताईत ओझं पेलायची क्षमता वाढवतो. तो निघाल्यावर चिलखत तेच, पण रोल मात्र जड झालेला.

व्हिगरचा, म्हणजे जीव वाढवणाऱ्या गुणाचा, हिशोबही पुन्हा मांडा. ४० व्हिगरला १४५० एचपी (जीवाचे अंक) मिळतात, ६० ला १९००. त्यापुढे ९९ पर्यंत नेलं तरी जेमतेम २०० वाढतात. परतणाऱ्याने ६० पर्यंत बेलाशक जावं. एक फटका जास्त सोसता आला की शिकायला एक संधी जास्त मिळते.

राया ल्युकारिया या ठिकाणी रेनाला या पात्राला 'लार्व्हल टिअर' ही वस्तू देऊन सगळे गुण नव्याने वाटता येतात, पण परतल्याच्या पहिल्या आठवड्यात ते करू नका. ते टिअर मोजकेच मिळतात, आणि हात बसले नसताना नवं बिल्ड घेतलं तर दोष हातांचा की बिल्डचा, हे कळायला मार्ग उरत नाही.

कथा आठवेल असं धरून चालणं

कुणी काय मागितलं होतं याची यादी हा गेम ठेवत नाही. मार्च २०२२ च्या १.०३ अपडेटपासून भेटलेल्या पात्रांची खूण नकाशावर दिसते, तेवढाच आधार. २०२४ च्या १.१२ अपडेटपासून पिशवीत नुकत्याच मिळालेल्या वस्तूंचा वेगळा कप्पाही आहे. शेवटी काय उचललं हे तिथे पाहिलं की आपण कुठल्या कामात होतो ते पुष्कळदा आठवतं.

नव्या भागाकडे धाव घेणं

'शॅडो ऑफ द एर्डट्री' हा जोडभाग २१ जून २०२४ ला आला. त्यात शिरायला राडान आणि मोग हे दोन्ही बॉस पडलेले असावे लागतात. आत गेल्यावर नुसती लेव्हल पुरत नाही, स्कॅडूट्री फ्रॅगमेंट गोळा करून तिथली वेगळी ताकद वाढवावी लागते. मूळ गेममध्ये हात बसल्यावरच तिकडे जा.

चिडून बसून राहणं

लागोपाठ तीनदा आधीपेक्षा लवकर मेलात, तर उठा. तिसऱ्या रात्री भाच्याचं हेच होत होतं. मी गेम बंद करायला लावला आणि दोघं सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन भुट्ट्याचा किस खाऊन आलो. हाताने शिकलेलं झोपेत पक्कं होतं. रविवारी सकाळी पोहे-जलेबी झाल्यावर तो परत मलेनियासमोर बसला. ती हवेत उंच थांबली तेव्हा त्याने बटण दाबलं नाही. पहिला झपाटा पळून चुकवला, पुढच्याला तिच्या अंगाखालून रोल केला.

ती अजून पडलेली नाही, आणि त्याला आता पुढच्या परीक्षेच्या अभ्यासाला बसायचंय. या वेळी गेम बंद करताना त्याने वहीचं एक पान फाडून कंट्रोलरच्या डब्यात ठेवलं: "ओझं ६८ टक्के, ताईत बदलू नको. रून्स खर्च केल्या. टीव्ही गेम मोडवर. आधी मार्गिट, मग मलेनिया. बटण सोडल्यावर रोल."