शीतपेयांची विक्री पॉवर बीआयमध्ये: आधी लिटर, मग आलेख

नाशिक भागात या आठवड्यात काय खपलं हे कळायला सेल्स ऑफिसरने आयटी विभागाच्या मागे लागायची गरज नाही. विंडोजवर फुकट मिळणारं पॉवर बीआय डेस्कटॉप हे मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर त्याला पुरतं. रिपोर्ट फसतो तो बहुधा मोजमापात.

बिलावर क्रेट किंवा केस लिहिलेलं असतं. २०० मिलीच्या २४ बाटल्यांचा क्रेट ४.८ लिटरचा, तर २ लिटरच्या ९ बाटल्यांचा केस १८ लिटरचा. या दोघांची बेरीज केली की छोटा पॅक जास्त खपला एवढ्यावर धंदा वाढल्यासारखा दिसतो. म्हणून आधी एसकेयू मास्टर, म्हणजे प्रत्येक ब्रँड-पॅकची मूळ यादी, बनवा: कोड, ब्रँड, पॅकचे मिली, केसमधले नग, केसचे लिटर. एका कोडची एकच ओळ हवी. कोड दोनदा आला तर विक्रीच्या तक्त्याशी ‘वन टू मेनी’ (यादीतली एक ओळ, विक्रीतल्या अनेक) जोडणी होणार नाही. मग ‘समएक्स’ या फॉर्म्युल्याने प्रत्येक ओळीतले केस गुणिले केसचे लिटर करून बेरीज घ्या.

बिलिंगमधून काढलेल्या महिन्यांच्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवून ‘गेट डेटा’तून तो फोल्डरच जोडा. सगळ्या फाइलींत कॉलमची नावं अक्षरशः सारखी लागतात. पॉवर क्वेरीत (पॉवर बीआयमधली डेटा साफ करायची खिडकी) कोडचा कॉलम टेक्स्टच राहू द्या, नाहीतर सुरुवातीची शून्यं उडतात. महिने आडवे, म्हणजे प्रत्येक महिन्याचा वेगळा कॉलम असेल, तर ‘अनपिव्होट’ करून ते उभ्या ओळींत आणा. तारखेसाठी ‘चेंज टाइप’मधलं ‘युझिंग लोकेल’ घेऊन इंग्लिश (इंडिया) निवडा. हे राहिलं आणि मशीन अमेरिकन पद्धतीवर असेल, तर ०४/०५ ही ४ मे न राहता ५ एप्रिल होते. १३ तारखेपासून एरर येतो म्हणून तो सापडतो. १२ तारखेपर्यंतचा घोळ गुपचूप आत राहतो आणि तोच जास्त घातक.

तारखांचा वेगळा तक्ता करून ‘मार्क ॲज डेट टेबल’ करा. वर्षाची चढती बेरीज काढताना वर्षअखेर ३१ मार्च द्या, नाहीतर ती जानेवारीपासून सुरू होते.

रुपयांचा आकडा करापूर्वीचाच घ्या. फळांच्या रसाच्या, गॅस नसलेल्या पेयांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला. करासह मोजलं तर ११२ चे १०५ होतात, म्हणजे एकही बाटली कमी न खपता सव्वासहा टक्के घट दिसते. स्कीमचे फुकट क्रेट लिटरमध्ये धरा, पण वेगळ्या कॉलममध्ये. काचेच्या बाटल्यांचे परत आलेले रिकामे क्रेट विक्रीतून वजा करू नका. तो डिपॉझिटचा हिशोब.

सगळ्यात महत्त्वाचं: प्रायमरी (कंपनीकडून वितरकाला) आणि सेकंडरी (वितरकाकडून दुकानाला) विक्री एकाच आलेखात शेजारी ठेवा. महिनाअखेरीला वितरकाच्या गोदामात ढकललेला माल प्रायमरीत विक्री दिसतो. दुकानात तो गेला का, हे सेकंडरीच सांगते. दोन्हींतली तफावत सलग वाढत असेल तर पुढच्या महिन्याचं टार्गेट ठरवण्याआधी वितरकाचा साठा आणि एक्स्पायरी तपासा.

रिपोर्ट इतरांना वाटायला साधारणपणे पॉवर बीआयचा प्रो परवाना लागतो. प्रत्येकाला आपापलाच भाग दिसावा म्हणून ‘रो लेव्हल सिक्युरिटी’ लावा, पण वर्कस्पेसमध्ये (रिपोर्ट ठेवायची ऑनलाइन सामायिक जागा) लोकांना ‘व्ह्यूअर’च ठेवा: संपादनाचा हक्क असलेल्यांना ती लागू होत नाही. फाइली ऑफिसच्या पीसीवर असतील तर रोजच्या रिफ्रेशला गेटवे (पीसीवरचा डेटा ऑनलाइन रिपोर्टपर्यंत नेणारा प्रोग्रॅम) लागतो आणि तो पीसी चालू असावा लागतो. मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन शेअरपॉइंटवर ठेवल्या तर हा व्याप टळतो.