गेम इंजिन निवडताना या चुका टाळा

पहिला गेम करायला घेतलेला माणूस बऱ्याचदा पहिले दोन-तीन महिने गेम करतच नाही. युनिटी बरं, अनरियल बरं की गोडो, अशा गेम इंजिनांचे, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचे व्हिडिओ पाहत राहतो आणि शेवटी ज्याचे ग्राफिक्स डोळ्यात भरले ते इंजिन उतरवून घेतो. काम मात्र नंतर ग्राफिक्सवर अडत नाही. ते अडतं फोनवर, फॉन्टवर, एक्स्पोर्टवर, म्हणजे तयार गेम फोन किंवा ब्राउझरसाठी बाहेर काढण्यावर. म्हणून मी निवड नेहमी उलट्या टोकाने करायला सांगतो. गेम शेवटी कुठे चालणार, कोणत्या लिपीत दिसणार आणि कुठे विकला जाणार, हे आधी ठरवा.

लॅपटॉपवर पळतोय म्हणून फोनवर पळेल, असं धरू नका

घरातला सगळ्यात जुना चालू अँड्रॉइड फोन मागून घ्या. एक पात्र, एक भिंत, एक बटण आणि पाठीमागे आवाज, एवढाच गेम करा आणि पहिल्याच आठवड्यात त्या फोनवर चढवा. वीस मिनिटं चालू ठेवा. फोन किती तापतो, किती अडखळतो, एपीके (अँड्रॉइडवर चढवायची फाइल) केवढी झाली, हे तिथेच कळतं. कोणत्याही तुलनेच्या तक्त्यापेक्षा या वीस मिनिटांवर माझा जास्त विश्वास आहे.

अनरियल ५ साठी ते बनवणारी एपिक कंपनी ३२ जीबी रॅमची शिफारस करते. ८ जीबीच्या लॅपटॉपवर शेडर (रंग-प्रकाश कसा दिसावा हे ठरवणारे छोटे प्रोग्रॅम) कंपाइल होण्याची वाट पाहण्यात संध्याकाळ जाते आणि उत्साहही जातो. पण म्हणून अनरियल आपल्यासाठी नाहीच, असं नव्हे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी’ हा गेम अनरियलमध्येच केला आणि २०२० मध्ये बाजारात आणला. त्यातले वाडे, देवळं, कोरीव खांब यांना त्या इंजिनाची ताकद हवीच होती. तुमच्या शब्दकोड्याला किंवा पत्त्यांच्या डावाला ती लागणार आहे का, हे स्वतःला विचारा. २०२४ मध्ये गाजलेला पत्त्यांचा गेम ‘बालात्रो’ तर लव्ह नावाच्या, लुआ भाषेत कोड लिहायच्या छोट्या फ्रेमवर्कवर उभा आहे.

गोडो उलट दीडशे एमबीच्या आतलं डाउनलोड, इन्स्टॉलही करावं लागत नाही. तिथे चूक वेगळीच होते. नवा प्रोजेक्ट उघडताना रेंडरर (पडद्यावर चित्र काढणारा भाग) विचारला जातो आणि लोक आधीच निवडलेला फॉरवर्ड प्लस तसाच ठेवतात. जुने फोन किंवा ब्राउझर डोळ्यांसमोर असेल तर कंपॅटिबिलिटी घ्या. ब्राउझरमध्ये तर तोच चालतो. आणि गोडो ४ मध्ये सी शार्प ही प्रोग्रॅमिंग भाषा वापरलीत तर वेबसाठी एक्स्पोर्टच होत नाही. ब्राउझरमध्ये खेळवायचा असेल तर पहिल्या दिवसापासून गोडोची स्वतःची भाषा जीडीस्क्रिप्ट.

देवनागरी शेवटी बघू, असं म्हणू नका

मराठी गेम करणाऱ्यांनी सगळ्यात आधी हे तपासावं. इंजिन उघडा आणि ‘विठ्ठल’ टाइप करा. लॅटिन अक्षरं एकापुढे एक मांडली की काम झालं, देवनागरीचं तसं नाही. पहिली वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर, दिसते आधी. जोडाक्षराचा आकार वेगळा करावा लागतो. हे काम करणारा भाग इंजिनात नसेल तर वेलांटी ‘व’च्या उजवीकडे जाऊन बसते आणि ‘ठ्ठ’चे दोन सुटे ‘ठ’ होतात, मध्ये पाय मोडलेला.

युनिटीत मजकूर दाखवायला बहुतेक जण टेक्स्टमेश प्रो वापरतात, आणि ते मुळात ही जुळणी करत नाही. युनिटी ६ मध्ये यूआय टूलकिटसाठी (मेनू-बटणं बांधायचं नवं साधन) प्रगत टेक्स्ट जनरेटर आला आहे, पण तो मुद्दाम चालू करावा लागतो आणि जुन्या कॅनव्हास पद्धतीने बांधलेल्या स्क्रीनला त्याचा उपयोग नाही. गोडो ३ मध्येही हीच रड होती. गोडो ४ आणि अनरियल मात्र ही जुळणी करणारा हार्फबझ हा भाग वापरतात, त्यामुळे तिथे ‘विठ्ठल’ नीट उमटतो.

तरीही फॉन्ट प्रोजेक्टमध्ये घालाच. गोडोच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसली तर तो संगणकातला फॉन्ट उसना घेतो, म्हणून तुम्हाला सगळं ठीक दिसतं. ब्राउझरमध्ये ती सोय नाही, तिथे नुसते चौकोन येतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ खुल्या परवान्याचा आहे, गेमसोबत देता येतो. इतक्या सुबक अक्षराचा फॉन्ट हाताशी असताना चौकोन कशाला दाखवायचे?

पैशाचा हिशेब चुकीच्या जागी करू नका

अनरियलची ५ टक्के रॉयल्टी एका गेमची एकूण कमाई १० लाख डॉलरच्या वर गेल्यावर, त्या वरच्या रकमेवर लागते. युनिटी पर्सनल वर्षाला २ लाख डॉलरच्या कमाईपर्यंत फुकट आहे. गोडो एमआयटी या खुल्या परवान्याखाली आहे, त्याला काहीच द्यायचं नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात १० लाख रुपयांची विक्री झाली, तर तिन्ही इंजिनांचा वाटा शून्य आणि स्टीमचा ३० टक्क्यांप्रमाणे तीन लाख. वर प्रत्येक गेममागे १०० डॉलरची सुरुवातीची फी. खर्च मांडायचा तर इथून मांडा.

अटी मात्र वाचा, आणि वाचलेली प्रत तारखेसह जपून ठेवा. १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीने इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं तेव्हा अर्धे गेम हातात असलेले डेव्हलपर हवालदिल झाले होते. ते शुल्क बरोबर वर्षाने रद्द झालं, पण मधलं वर्ष अनेकांनी धाकधुकीत काढलं.

काम सुरू झाल्यावर अडतं ते इथे

युनिटीत विकत घेतलेलं मॉडेल गुलाबी दिसतंय? ते बिघडलेलं नाही. त्याचं मटेरिअल जुन्या बिल्ट-इन पाइपलाइनचं (चित्र काढण्याच्या पद्धतीचं) आहे आणि तुमचा प्रोजेक्ट यूआरपी या नव्या पाइपलाइनवर. रेंडर पाइपलाइन कन्व्हर्टर चालवा. ज्यांचे शेडर खास लिहिलेले आहेत ते हाताने बदलावे लागतात.

गोडोत संगणकावर दिसणारं चित्र फोनवर गायब? फाइलचं नाव पाहा. विंडोज कॅपिटल-स्मॉल अक्षरांत भेद करत नाही, एक्स्पोर्ट झालेला गेम करतो. सगळी नावं स्मॉल अक्षरांत ठेवलीत की हा ताप कायमचा जातो.

गिटवर (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) टाकताना युनिटीचं लायब्ररी फोल्डर वगळा, पण मेटा फाइली (प्रत्येक फाइलची ओळख ठेवणाऱ्या) वगळू नका. त्या गेल्या की दुसऱ्या मशीनवर ‘मिसिंग स्क्रिप्ट’ची रांग लागते.

अर्ध्या वाटेत इंजिनाची नवी आवृत्ती आली की हात शिवशिवतात. प्रोजेक्टची वेगळी प्रत करून तीच त्या आवृत्तीत उघडा, मूळ प्रोजेक्टला हात लावू नका. इंजिनच बदलायची वेळ आली तर कोड बहुतांशी पुन्हा लिहावा लागतो. चित्रं आणि आवाज सोबत येतात. संवाद, शब्दांच्या याद्या, पातळ्यांचे आकडे सीनमध्ये न कोंबता सीएसव्ही नावाच्या साध्या तक्त्याच्या फाइलीत ठेवले असतील, तर तेही जसेच्या तसे नव्या इंजिनात उचलता येतात.