तुकडा काढायची तारीख मिळाल्यावर

साधं तोंड आलं तर आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत भरून येतं. जिभेच्या कडेची किंवा गालाच्या आतली जखम त्यापुढेही तशीच राहिली, तिच्या कडा बोटाला कडक लागू लागल्या, की कॅन्सर आहे का ते बघायला डॉक्टर जखमेचा छोटा तुकडा काढून तपासायला (बायोप्सी) सांगतात. दुखत नाही म्हणून ते टाळू नका; घातक जखम सुरुवातीला बऱ्याचदा दुखतच नाही.

तारखेपर्यंत जखमेवर घरचे प्रयोग करू नका. लवंगेचं तेल, तुरटी, चुना यांनी वरचा थर भाजतो, आणि मग जखम मूळची कशी होती ते डॉक्टरांना कळत नाही. ट्रायामसिनोलोनसारखं स्टेरॉइडचं मलम लावत असाल तर ट्यूबच सोबत न्या, कारण त्याने सूज आणि दुखणं तात्पुरतं उतरतं आणि जखम बरी होतेय असा भास होतो. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करायला हरकत नाही. दाताचं टोक घासत असेल तर ते गुळगुळीत करून घ्या, पण तेवढ्यासाठी तारीख पुढे ढकलू नका.

एका कागदावर लिहून काढा: जखम कधीपासून आहे, वाढतेय का, त्याच बाजूचा कान दुखतो का, गिळताना त्रास होतो का, जबड्याखाली किंवा मानेत गाठ लागते का, एखादा दात हलतोय का, ओठ बधिर वाटतो का, वजन उतरलंय का. तंबाखूचा हिशेब खरा लिहा. ‘तंबाखू खाता का’ असं विचारलं की कितीतरी बायका मनापासून ‘नाही’ म्हणतात, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू असते. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच. मिश्री, मावा, खर्रा, गुटखा, विडी, नुसती सुपारीसुद्धा, किती वर्षं, दिवसातून किती वेळा आणि कोणत्या गालात धरता, सगळं लिहा. आणि हे सगळं आजच थांबवा. तोंड उघडून आपली तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील तर आधीच फोन करून सांगा, कारण मागच्या बाजूची जखम असेल तर तिथवर हत्यार पोचवणं अवघड होतं.

रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नका. तोंडातलं एवढ्याशा जखमेचं रक्त दाबून थांबवता येतं; हृदयात किंवा मेंदूत झालेली गुठळी तशी हाताळता येत नाही. त्यातली वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती रक्ततपासणी) किती तासांच्या आतला लागेल ते विचारून घ्या. बहुतेक वेळा फक्त जागा बधिर करतात, त्यामुळे उपाशी जायचं नाही. नाश्ता करा, बीपी-मधुमेहाच्या गोळ्या रोजच्या वेळी घ्या. रिकाम्या पोटी खुर्चीत चक्कर येते. पूर्ण भूल देणार असतील तर मात्र ते सांगतील तसं. पूर्वी एखाद्या इंजेक्शनची ॲलर्जी आली असेल तर ते आधी सांगा.

काम साधारण 15-20 मिनिटांचं. सुईची कळ तेवढी जाणवते, नंतर फक्त दाब. तुकडा जखमेच्या कडेचा, शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीसह घेतात. मधोमध बऱ्याचदा मेलेला भाग असतो, त्यातून निदान निघत नाही. ‘सुरी लागली की पसरतो’ हे घरात कोणीतरी म्हणणारच. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. निदानाविना गेलेल्या महिन्यांत तो वाढतो.

बाटली लॅबमध्ये तुम्हालाच पोचवायची असेल तर नाव आणि जागा (‘जीभ, डावी कड’) झाकणावर नको, बाटलीवरच लिहिलेली हवी. झाकणं अदलाबदल होतात. तुकडा फॉर्मालिनमध्ये (तो टिकवून ठेवणाऱ्या द्रवात) पूर्ण बुडालेला असावा, नुसत्या सलाईनमध्ये रात्रभर राहिला तर सडू लागतो. बाटली फ्रिजरमध्येही ठेवायची नाही.

घरी येईपर्यंत गॉज दाबून धरा. सारखं थुंकू नका, त्याने धरलेली गुठळी निघते. बधिरपणा जाईपर्यंत काही चावू नका, नाहीतर जीभ-ओठ चावला गेलेला कळत नाही. त्या दिवशी गार दही-भात, मऊ खिचडी गार करून. गरम चहा नको. रक्त आलं तर स्वच्छ ओला गॉज घड्याळ लावून 20 मिनिटं दाबा, मध्ये उचलून बघू नका. तरीही थांबलं नाही तर लगेच दवाखाना गाठा.

रिपोर्ट कधी आणि कोण देणार, हे निघायच्या आधीच विचारा. रिपोर्टमध्ये घातक काही निघालं नाही आणि जखम मात्र तशीच आहे, तर पुन्हा तुकडा काढावा लागू शकतो. त्यासाठी आपण होऊन परत जा. पुढे मोठ्या रुग्णालयात जायची वेळ आली तर तिथे नुसता कागद पुरत नाही, तुकड्याचे पातळ काप लावलेल्या काचपट्ट्या आणि उरलेला तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक मागतात. या दोन्ही वस्तू लॅबमध्ये सही करून ताब्यात घ्या, काचपट्ट्या कडक डबीत ठेवा आणि ब्लॉक उन्हातल्या गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडतं.