मस्कतची मोठी मशीद बघायला जाताय? आधी कपडे बघा

मस्कतला जाणारे आपले लोक हल्ली बरेच झालेत, मुंबईहून अडीच-तीन तासांचं विमान, आणि प्रत्येकाच्या यादीत सुलतान काबूस ग्रँड मस्जिद असतेच. असायलाच पाहिजे. पण तिथे दारातून परत फिरलेले किंवा उगाच पैसे घालवलेले लोकही मी पाहिलेत (त्यात आम्हीही आलो), म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट वेळ. मुस्लिम नसलेल्यांना शनिवार ते गुरुवार सकाळी ८ ते ११ एवढंच आत सोडतात, शुक्रवारी नाही. रमजान, ईद असली की वेळा बदलू शकतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी ताजे नियम बघूनच घ्या. आता तीन तास पुरेसे वाटतात पण साडेनऊनंतर टूरच्या बसेस यायला लागतात, त्यात थंडीत मत्रहच्या, म्हणजे मस्कतच्या जुन्या भागातल्या, बंदरात क्रूझ लागलेली असली तर मग विचारूच नका. आठलाच दारात उभं राहा. ओमानचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे, म्हणजे तिथले आठ म्हणजे आपले साडेनऊ, पहिल्या-दुसऱ्या दिवशी जाग आपोआप लवकर येते, त्याचा फायदा घ्या.

आता कपडे. पुरुषांचं सोपं, फुल पँट आणि बाह्यांचा शर्ट, हाफ चड्डी चालत नाही. बायकांना मात्र मनगटापर्यंत बाह्या, घोट्यापर्यंत सैल कपडे आणि डोकं पूर्ण झाकलेलं लागतं, केससुद्धा दिसता कामा नयेत. आणि इथे आपली गंमत होते ती साडीमुळे. माझी आई छान कॉटनची साडी नेसून आली, म्हणाली पदर डोक्यावरून घेतला की झालं, देवळात घेतो तसा. दारातल्या गार्डने हसून नमस्कार केला आणि स्वतःच्या कोपराकडे बोट दाखवलं. ब्लाउजची बाही तिथेच संपत होती ना! शाल गुंडाळून बघितली, पण शाल सावरली की पदर घसरायचा आणि पदर सावरला की शाल. शेवटी आवारातल्या दुकानातून भाड्याने अबाया (अंगभर सैल झगा) घेतला आणि साडीवरूनच चढवला, निऱ्या आत कोंबताना मी आणि बहीण दोघं दोन बाजूंनी. चूक आमचीच, पण एका रियालचे दोनशेच्या वर रुपये होतात हे डोक्यात असलं की भाडं देताना हात जड होतो. तुम्ही सरळ पूर्ण बाह्यांचा सैल पंजाबी ड्रेस आणि सुती ओढणी न्या, सिल्कची किंवा शिफॉनची नको, घसरते. ओढणीला दोन पिना. लेगिंगवर आखूड कुर्ता हाही प्रयोग नको.

जायचं कसं? मशीद विमानतळ आणि जुन्या शहराच्या मधे, सुलतान काबूस हायवेला लागूनच आहे, त्यामुळे लांबून दिसते आणि माणसाला वाटतं इथूनच चालत जाऊ. नका जाऊ. टॅक्सी अ‍ॅपवरून बोलवा, रस्त्यावर हात केलात तर भाडं बसायच्या आधी ठरवा.

आत शिरल्यावर सगळे धावत मोठ्या हॉलकडे जातात. जाऊ द्या त्यांना? नाही, उलट तुम्हीच आधी जा, आठला आलाय तर तो हॉल रिकामा मिळेल, बायकांचा छोटा हॉल, बाग वगैरे नंतर निवांत बघता येतं. चपला बाहेरच्या रॅकवर ठेवायच्या, पायात मोजे असू द्या. आतला गालिचा इराणी, खुरासानच्या ६०० बायकांनी विणलेला, सगळं काम पुरं व्हायला ४ वर्षं, १७० कोटी गाठी आणि वजन २१ टन. बसेल का विश्वास? तुम्हाला त्यावर चालता मात्र येत नाही, वर वेगळी पट्टी अंथरलेली असते तिच्यावरूनच चालायचं. पट्टीच्या कडेला उकिडवं बसून गालिचा जवळून बघा, लांबून नुसता लाल वाटतो पण त्यात २८ रंग आहेत, पानांच्या कडेला एकाच हिरव्याच्या तीन-चार छटा सापडतात. मग मान वर. झुंबर १४ मीटर उंच, म्हणजे चार मजली बिल्डिंग उलटी टांगल्यासारखं, पण घुमटच ५० मीटरवर असल्यामुळे ते तेवढं मोठं वाटतच नाही, खाली उभं राहिलेलं माणूस फोटोत आलं की मग कळतं.

फोटो काढायला परवानगी असते, पण कोणी नमाज पढत असेल तर कॅमेरा खाली, आणि मिठ्या मारून, उड्या मारून रील करणं तिथे नाही चालत. कुराण ठेवलेल्या रॅकला हात लावू नका.

बाहेरच्या लांबलचक कमानींच्या ओवऱ्यांमधे बहुतेक लोक फिरकत नाहीत, मला तर तोच भाग सगळ्यात आवडला. भिंतीतल्या प्रत्येक कोनाड्यात वेगळ्या मुलखाची कारागिरी आहे, एक मुघल पद्धतीचाही आहे, आणि ज्या दगडाला तुम्ही टेकून उभे असता तो आपल्याकडचाच, ३ लाख टन वालुकाश्म भारतातून आणून हे बांधलंय. २००१ साली उघडली, तरी दगडामुळे जुनी वाटते.

निघताना मागच्या बाजूला इस्लामिक माहिती केंद्र आहे तिथे खजूर आणि कहवा, म्हणजे ओमानी कॉफी, देतात. धर्मावर बोलायला कोणी आग्रह करत नाही, प्रश्न असले तर विचारा. कहवा वेलचीचा, बिनसाखरेचा, आईने पहिल्या घोटाला तोंड वाकडं केलं मग खजुराबरोबर तीन वाट्या प्यायली. कप नुसता खाली ठेवला तर परत भरतात, पुरे असेल तर हातात धरून हलकेच हलवायचा.

अकराला बाहेर पडलात की सरळ मत्रह गाठा, कारण तिथला सूक, म्हणजे जुना बाजार, दुपारी एकच्या सुमारास बंद होतो तो चारनंतरच उघडतो.