जुना व्हिविटार २८३ फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यासोबत: माझा अनुभव

खानापूरकडच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेला फ्लॅश. सेलच्या कप्प्यात पत्र्यांवर हिरवट-पांढरा थर. कापसाच्या काडीला व्हिनेगर लावून तो विरघळवला (लिंबूही चालतं), स्पिरिटने पुसून कोरडा केला. चार एए सेल घातल्यावर शिट्टी आली, पण रेडी दिवा (चार्ज झाल्याची खूण) बराच वेळ लागेना. पडून राहिलेला कपॅसिटर (फ्लॅशसाठी वीज साठवणारा भाग) असाच सुस्तावतो. दिवा लागल्यावर फ्लॅश लगेच उडवायचा नाही. अर्धा तास चार्ज धरू द्यायचा, मग उडवायचा. चार-पाच फेऱ्यांत वेग परत आला.

फ्लॅशचं कव्हर मात्र उघडू नका. सेल काढल्यावरही आत ३०० व्होल्ट राहतात, झटका जीवघेणा ठरू शकतो.

आता कॅमेऱ्याला असलेला खरा धोका. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल पिन फ्लॅशच्या पायाच्या (कॅमेऱ्यावर बसतो तो भाग) मधल्या टोकाला, काळी बाजूच्या धातूच्या पट्टीला लावली: २०० च्या वर! अनेक डिजिटल कॅमेरे ६ व्होल्टपर्यंतच, काही २५० पर्यंत सोसतात. कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका बघितल्याशिवाय फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवू नका. मी जुन्या फ्लॅशला जास्त व्होल्टेज सोसणारा ऑप्टिकल स्लेव्ह (दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पडला की हा फ्लॅश उडवणारं साधन) लावला. कॅमेऱ्याचा फ्लॅश मॅन्युअल १/३२ ताकदीवर, कारण टीटीएलच्या (कॅमेरा स्वतःच उजेड मोजून ठरवतो ती पद्धत) आधीच्या झबक्यानेच स्लेव्ह उडतो आणि फोटो काळा येतो. शटर १/१२५ सेकंद.