थ्रॉटल बॉडी बदलण्याआधी मीटर लावा

इंजिनाचा दिवा लागलाय, पेडल कितीही दाबलं तरी गाडी रेस घेत नाही आणि इंजिन साधारण १२०० ते १५०० आरपीएमवर घुमत राहतंय. दोषाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर थ्रॉटलचा कोड दिसला की अनेकदा थेट अख्खी थ्रॉटल बॉडीच (इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग) बदलली जाते आणि आठवडाभरात तोच दिवा पुन्हा लागतो. कोडवरून फक्त गडबड कुठल्या सर्किटमध्ये आहे ते कळतं. दोष सेन्सरचा, वायरचा, पिनचा की बॅटरीचा, हे आपल्यालाच शोधावं लागतं.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांत पेडल आणि थ्रॉटल यांच्यामध्ये केबल नसते. पेडलवर दोन सेन्सर असतात, थ्रॉटल बॉडीतही दोन असतात आणि झडप एक छोटी मोटर गिअरांमार्फत फिरवते. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, प्रत्येक जोडीतले दोन्ही सिग्नल सतत ताडून पाहतो. ते जुळले नाहीत तर तो मोटरचा पुरवठा तोडतो आणि स्प्रिंग झडपेला किंचित उघड्या जागी आणून ठेवते. हाच लिंप मोड. म्हणून झडप तिथे थांबलेली दिसली, की ती जाम झाली असं लगेच समजू नका.

सुरुवात बॅटरीपासून करा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर साधारण १२.४ ते १२.६ व्होल्ट, स्टार्टर मारताना ९.६ च्या वर आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.७ मिळायला हवेत. व्होल्टेज घसरलं की मोटरला झडप वेळेत हलवता येत नाही आणि थ्रॉटल निर्दोष असूनही कोड येतो.

मग सगळे कोड लिहून घ्या, फ्रीझ फ्रेमही (कोड आला त्या क्षणी नोंदलेले आकडे) जपून ठेवा आणि त्यानंतरच पुसा. पी२१३५ म्हणजे थ्रॉटलचे दोन सेन्सर एकमेकांशी जुळत नाहीत. पी२१३८ म्हणजे हीच तक्रार पेडलच्या सेन्सरांची. हे दोन आकडे नीट वाचा, कारण पी२१३८ असताना थ्रॉटल बॉडी बदलून काहीच हाती लागत नाही. पी२१११ आणि पी२११२ झडप अनुक्रमे उघडी आणि बंद अडकल्याचे आहेत, तर पी२१०१ मोटरच्या सर्किटचा.

आता हवेचा पाइप काढून झडप पाहा. इग्निशन बंद असलंच पाहिजे आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली हवी. किल्ली चालू असताना मोटर झडप जोरात मिटवते, त्यात बोट सापडू शकतं. झडप हलकेच दाबून सोडा: ती खरखर न करता मूळ जागी परत यायला हवी. दाबताना जोर लावू नका, आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात. झडपेची कड भिंतीला टेकते तिथे काजळीचं काळं कडं दिसेल. क्रँककेसमधून (इंजिनाच्या खालच्या, तेलाच्या भागातून) येणारी तेलाची वाफ तिथे साचते. मागची बाजूही पाहा, खरी घाण बहुधा तिकडेच असते.

थ्रॉटल बॉडी क्लीनर फडक्यावर फवारून पुसा. शाफ्टच्या टोकांवर थेट मारला तर द्रव बेअरिंगमधून सेन्सरपर्यंत जातो. तारेचा ब्रश वापरू नका. काही झडपांवर लेप असतो, तो खरवडला गेला की कड हवा सोडू लागते.

सगळ्यात जास्त वेळ वायरिंगला द्या. जुन्या गाडीत खरा दोष बहुतेकदा तिथेच सापडतो. कनेक्टर काढून भिंगाखाली पिना पाहा. चकचकीत पिनेवर टोकाशी बारीकसा काळा ठिपका असेल, तर कंपनांनी घासून तिथे ऑक्साइडचा थर बसला आहे. कनेक्टरला लागून वायर वळते तिथे इन्सुलेशन कडक झालंय का आणि आत तांबं हिरवं पडलंय का, तेही तपासा. मीटर लावताना इन्सुलेशनला भोक पाडू नका, त्यातून ओल शिरते. कनेक्टरच्या मागून सीलच्या कडेने बारीक पिन सरकवा.

बॅटरी आणि कनेक्टर जोडा आणि इंजिन बंद ठेवून किल्ली चालू करा. सेन्सरला ५ व्होल्ट मिळायला हवेत आणि सेन्सरच्या अर्थिंगपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.१ व्होल्टपेक्षा कमी फरक हवा. जास्त असेल तर अर्थिंग सुधारा, सेन्सर नव्हे. आता मदतनिसाला पेडल सावकाश दाबायला सांगून थ्रॉटलचे दोन सिग्नल पाहा. अनेक गाड्यांत एक चढतो, दुसरा उतरतो आणि बेरीज प्रत्येक जागी ५ च्या आसपास राहते. काहींत दोन्ही चढतात, तेव्हा मॅन्युअलचे आकडे घ्या. पेडलच्या सेन्सरांत बऱ्याचदा दुसरा पहिल्याच्या निम्मा असतो: ०.८ ला ०.४, २.४ ला १.२. सिग्नल पाहताना वायर हलवत राहा. एकाच जागी आकडा उडी मारत असेल तर सेन्सरच्या आतली कार्बनची पट्टी तिथे झिजली आहे; ही पट्टी रोजच्या वापरात पेडल जिथे असतं तिथेच आधी झिजते. डिजिटल मीटरला ही क्षणभराची उडी निसटते. स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) किंवा काट्याचा मीटर ती पकडतो.

मोटरचा रोध किल्ली बंद करून, कनेक्टर काढून मोजा. साधारण काही ओहम मिळायला हवेत. एका जागी ठीक आणि झडप थोडी फिरवल्यावर उघडं सर्किट दिसलं, तर मोटरच्या आतला ब्रश किंवा कम्युटेटर (तिच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे भाग) गेला आहे. थ्रॉटल बॉडी बदलायची ती आता. पार्ट नंबर जुळवा, गॅसकेट नवं घाला आणि बोल्ट आलटून पालटून, मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा.

साफसफाई असो वा बदल, ईसीयूला आयडल (पेडल न दाबता इंजिन फिरतं तो वेग) पुन्हा शिकवावं लागतं. घाण साचत गेल्याने ईसीयूने झडप थोडी जास्त उघडी ठेवायची सवय लावून घेतलेली असते. साफ केल्यावर तीच सवय आयडल वाढवते आणि त्याचा कोड पी०५०७ येतो. शिकवण्याची पद्धत प्रत्येक मॉडेलची वेगळी. कुठे किल्ली चालू ठेवून पेडलला न शिवता थांबायचं असतं, कुठे स्कॅनरशिवाय होतच नाही. तरीही आयडल चढंच राहिलं तर गॅसकेटपाशी आणि व्हॅक्यूमच्या नळ्यांत गळती शोधा. शेवटी गाडी एकदा थंड असताना आणि एकदा पूर्ण तापल्यावर चालवून पाहा, कारण सैल पिनेचा आणि तडकलेल्या सोल्डरचा दोष अनेकदा फक्त गरम झाल्यावरच दिसतो.